पैलवानचं रक्त

११ फेब्रुवारी

ठोंब्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्राचं बरं असतं. पोस्टमन ते तुझ्या बायकोच्या हातात देतो आणि ती ते तुझ्या ताटाशेजारी ठेवते. तसं ठेवायला मीच तिला सांगितलंय, तेव्हा तिच्यावर डोळे वटारू नकोस.

आधी कामाचं बोलते. मला कान हवेत. ट्रकमध्ये मेलेल्या जनावरांचे कान कापून आणून तू घरचा अर्धा फ्रीजर अडवून ठेवलायस, अशी तक्रार माझ्यापर्यंत आली आहे. कशाला आणलेस ते विचारत नाही. आणलेस हे झकास केलंस. बर्फात घालून पाठव, प्रत्येक कानाला वेगळी पिशवी.

पैदासकारांच्या संघाने तुला दिलेल्या नोटिशीची प्रत आमच्या प्रयोगशाळेलाही आली. संघाच्या कागदावर डुकराचा नेहमी वराह होतो, आणि तुझा झालाय 'सदर पैदासकार'. त्यांचं म्हणणं असं, की सदर पैदासकाराने त्या चष्मेवाल्या गिऱ्हाइकाला पैदाशीसाठी विकलेली तरणी जनावरं वाटेत अंग ताठ होऊन, भाजल्यासारखी तापून मेली. हा आईबापांकडून येणारा दोष, डॉक्टरांनी बघताक्षणी ओळखला. पण बापाचे म्हणजे पैलवानचे आणि आयांचे रक्ताचे दाखले तर स्वच्छ आहेत. म्हणजे दाखल्यासाठी तू दुसऱ्याच जनावरांचं रक्त पाठवलं असणार. शिवाय मेलेल्या जनावरांचं रक्त तपासायला पाठवलं तेही खराब निघालं, म्हणजे ते तू मुद्दाम नासवलं असणार. एप्रिलच्या बैठकीत तुझं नाव पैदासकारांच्या यादीत ठेवायचं की काढायचं ते ठरेल. नाव गेलं तर तुझी पिल्लं फक्त खाटकाकडे जातील आणि बाबांनी उभी केलेली पैदास तुझ्या हातून संपेल. एवढं सगळं त्यांनी एका पानात बसवलंय.

हे झालं तेव्हा तू मला फोन केलास आणि मी पहिलंच वाक्य बोलले, रक्त नक्की पैलवानचंच होतं ना? तू फोन ठेवलास तो ठेवलासच. तुला राग यायचा तो येऊ दे, पण तो प्रश्न मी उद्याही विचारीन. निकाल जुळेना की आमच्यात पहिला प्रश्न तोच असतो, नमुना कुणाचा. राष्ट्राध्यक्षांच्या डुकराबद्दलही मी तोच विचारला असता.

आणि हे मी तुझ्यासाठी करतेय असा गैरसमज करून घेऊ नकोस. माझं स्वतःचं काम आहे. स्नायूत कॅल्शियमची साठवण असते आणि तिला एक दार असतं. दार उघडलं की स्नायू आखडतो, मिटलं की सैल पडतो. दोषी जनावर घाबरलं, भांडलं, उन्हात कोंडलं गेलं, की त्याचं ते दार उघडतं आणि मिटतच नाही. सगळं अंग आखडून तापत राहतं. हे दार कसं घडवायचं ते ज्या जनुकात लिहिलंय ते भलतंच लांब आहे. कामाचा मजकूर शंभरावर तुकड्यांत विभागलेला आणि दर दोन तुकड्यांच्या मध्ये बिनकामाची पट्टी. दोष असतो सतराव्या तुकड्यात, एकाच अक्षरात. बाकी सगळ्यांना तेवढं एक अक्षर पुरतं. मी मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधल्या पट्ट्यांसकट, सगळं वाचत बसले आहे. त्यासाठी मला विचित्र कळप लागतात, आणि तुझ्या कळपाइतका विचित्र सध्या दुसरा नाही.

कान पाठव.

ताई

२७ फेब्रुवारी

ठोंब्या,

खोकं पोचलं. चिठ्ठी शोधली, बर्फ वितळेपर्यंत शोधली. नाही म्हणजे नाहीच. पिशव्यांवरचं अक्षर तुझ्या बायकोचं. गाठी मात्र तुझ्या, त्या सोडवताना माझं नख गेलं.

कान टेबलावर मांडले तेव्हा आमची तंत्रज्ञ दोन पावलं मागे सरली. तिला मी खाचा वाचायला शिकवलं. उजव्या कानावरच्या खाचा म्हणजे कितवं वेत, डाव्या कानावरच्या म्हणजे त्यातलं कितवं पिल्लू. बाबांनी आपल्याला शिकवलं तेव्हा तू विचारायचास, उजवा म्हणजे डुकराचा उजवा की माझा? एकदा तर अख्ख्या वेताच्या खाचा तू उलट्या कानांवर पाडल्यास आणि बाबा हसत बसले. मी पाडल्या असत्या तर मला चापट बसली असती. आता खाचा तपासल्या. एकही चुकलेली नाही, आणि कापही स्वच्छ आहेत. बाबांपेक्षा स्वच्छ, हे माझ्याकडून लिहून घे.

आता निकाल. सगळ्या कानांवर नेहमीची चाचणी लावली. ती सरांची आहे, म्हणजे माझ्या वरिष्ठांची. त्यांनी तरुणपणी बसवली आणि आज सगळे पैदासकार तिच्यावरच दाखले घेतात. एकाही कानातून काही निघालं नाही. निकाल नुसता कोरा. तंत्रज्ञ म्हणाली, मांस नासलंय. सर म्हणाले, पैदासकार निष्काळजी असला की असंच व्हायचं. तो पैदासकार माझा भाऊ आहे हे त्यांना ठाऊक आहे, तरी म्हणाले. मला त्याचा राग आला नाही. म्हणजे आला, पण मी तो कामाला लावला.

त्याच कानांवर मी दुसऱ्याच एका जनुकाची चाचणी लावली. ती लख्ख निघाली, एकूण एक कानाची. नासलेल्या मांसातून असं काही निघत नाही. मग तू आधी पाठवलेलं त्याच जनावरांचं रक्त बाहेर काढलं, ते आमच्याकडे खराब म्हणून तळाशी ढकललेलं होतं. त्यातही तोच प्रकार. आमची चाचणी कोरी, दुसरी लख्ख.

तुझं रक्त कधीच खराब नव्हतं. हे तुला आधी कळावं म्हणून आजच टाकते पत्र. बाकी अजून मला काही कळलेलं नाही, पण कळेल. मी एकदा मागे लागले की काय होतं ते तुला माहीत आहे. लपाछपीत तू रडकुंडीला यायचास.

ताई

१४ मार्च

ठोंब्या,

सापडलं. एवढं आधी लिहून टाकते, बाकीचं चहा घेऊन.

चहा झाला. आता नीट वाच आणि बायकोलाही वाचून दाखव, तिला तुझ्याआधी समजेल.

सरांची चाचणी अशी चालते. सतराव्या तुकड्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन छोटे धागे चिकटवायचे. त्यांना आम्ही प्रायमर म्हणतो. दोन्ही चिकटले तर मधल्या मजकुराच्या भराभर प्रती निघतात आणि ते दोषाचं अक्षर वाचता येतं. एक जरी चिकटला नाही तरी काहीच निघत नाही. यातला अलीकडचा प्रायमर चिकटतो तो बिनकामाच्या पट्टीवर. आणि तुझ्या डुकरांत त्या पट्टीतली मूठभर अक्षरं गळलेली आहेत, नेमकी तिथलीच. प्रायमरला बसायला जागाच नाही. मी त्या पट्ट्या वाचत बसले नसते तर हे कुणाला जन्मात दिसलं नसतं, हे नम्रपणे नमूद करते.

गळती सगळ्या प्रतींत नाही. प्रत्येक जनावराकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक बापाकडची, एक आईकडची. तुझ्या कळपात जी प्रत दोषी, तिच्यातच अक्षरं गळलेली. पैलवानची एक प्रत चांगली आहे आणि एक दोषी. दोषी प्रत चाचणीला दिसतच नाही. ती चांगली तेवढी वाचते आणि म्हणते, स्वच्छ. आयांचंही तेच. आणि ज्या पिल्लांना दोन्हीकडून दोषी प्रत आली, त्यांच्यात चाचणीला वाचायला काही उरतच नाही. ती म्हणते, नमुना खराब. म्हणजे ज्या जनावरांचा दोष सगळ्यात मोठा, नेमकं त्यांच्याच रक्ताला आम्ही निष्काळजीपणाचं लेबल लावत होतो.

कान आणि जुनं रक्त एकाच जनावरांचं आहे, हेही वेगळं तपासलं. दाखल्यासाठी तू पाठवलेलं, आमच्या फ्रीजरमधलं रक्त त्यांच्या बापाचंच, म्हणजे पैलवानचंच, हेही. त्यात तसूभर शंका नाही.

बैठकीत मी हे मांडणार आहे. तुझ्या परवानगीची मला गरज नाही, पण तू एकदा हो म्हणालास तर बरं वाटेल. आजवर बायकोच्या तोंडून ऐकतेय, की तू जेवतोस नीट, बोलत नाहीस. कुणाशी बोलत नाहीस ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला तुझ्या न बोलण्याचा त्रास होतो. हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुन्हा सांगायला नको.

माद्यांच्या शेपटाचे केस मुळासकट उपटून पाठव. सगळ्यांचे. लेबलं तिच्या अक्षरात, गाठी तुझ्या नकोत.

ताई

३० मार्च

ठोंब्या,

केस मिळाले. आता नाण्याची दुसरी बाजू. गेल्या पत्रात ती मुद्दामच लिहिली नाही, एक पत्र तरी तुला निखळ आनंदाचं मिळावं म्हणून. तू हुशार आहेस, ओळखली असशीलच.

तुझ्या बहुतेक माद्यांकडे एकेक दोषी प्रत आहे. हे अपघाताने झालेलं नाही. ती प्रत ज्याच्याकडे एकच असते ते जनावर मरत नाही, उलट भरदार होतं. चरबी कमी, मांडी गच्च. बाबा प्रत्येक वेतातून ज्याची मांडी गच्च ते ठेवायचे. पुढे तूही तसंच केलंस. पैलवानला पैलवान म्हणायला लागलो तेही त्याच्या मांड्या बघूनच. आपण चांगलं जनावर निवडत गेलो आणि त्याच्या बोटाला धरून हे घरात येत गेलं. बाबांची चूक नाही, तुझी नाही. पण आहे ते आहे.

म्हणजे ज्या कागदावर तुझं नाव साफ होतं, त्याच कागदावर बाबांची पैदास दोषी ठरते. कागद फाडून अर्धा दाखवता येत नाही.

तुझ्या बायकोचा फोन आला होता. तू म्हणे गेल्या पत्रातला निकाल ऐकून शेडमध्ये गेलास आणि पैलवानजवळ दुपारभर बसून राहिलास. मग आत येऊन म्हणालास, माझं नाव गेलं तरी चालेल, पण बाबांच्या डुकरांना चारचौघांत कुणी रोगट म्हणायचं नाही, ताईला सांग, तो कागद तिथे आणू नको. कित्येक महिन्यांनी तू मला निरोप धाडलास आणि तो हा.

नाही. मी आणणार. आपल्या पैदाशीची जनावरं किती शेडमध्ये गेलीत ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्यांच्याकडेही स्वच्छ दाखले आहेत, त्यांच्याही दारात ट्रक उभे राहतात. मी गप्प बसले तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच होईल, आणि तेव्हा कुणाला तरी पुन्हा सांगितलं जाईल, की रक्त तूच बदललंस. बाबांचं नाव राखायला मला दुसऱ्याच्या घरात आग लावायची नाही. तू चिडशील, चीड. तू तसाही बोलत नाहीयेस, माझं आणखी काय वाईट होणार?

सरांना सांगितलं तेव्हा ते पट्टीचा मजकूर घेऊन गेले. मग मला म्हणाले, सगळ्या नळ्यांवरची लेबलं काढ, आकडे घाल, कुठली कुणाची ते मला सांगू नकोस. दार लावून सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने पुन्हा केलं, नव्या प्रायमरने. या वयात त्यांचा हात अजून माझ्यापेक्षा स्थिर आहे. बाहेर आले ते एवढंच म्हणाले, की चाचणी माझी होती, तर चूकही माझीच, आणि बैठकीला मीही येतो.

तूही ये. हात जोडून सांगत नाही, मोठी बहीण म्हणून सांगते.

ताई

१८ एप्रिल

ठोंब्या,

आलास, बरं केलंस. पुढची खुर्ची रिकामी असून दाराशी उभा राहिलास, आणि बोलून झाल्यावर निघूनही गेलास. म्हणून राहिलेलं लिहिते, आधीचंही थोडं, कारण मागून तुला चेहरे दिसले नसतील.

संघाचे अध्यक्ष सुरुवातीलाच म्हणाले, बहीण भावाची बाजू घेणार त्यात नवल काय. मी म्हटलं, म्हणून तर मी आधी बोलणार नाही. सर उठले तेव्हा अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ज्याच्या सहीवर सगळ्यांचे दाखले निघतात तो माणूस उभा राहून माझी चाचणी चुकली म्हणतोय, हे त्यांना पचायला वेळ लागला. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना? सर दोन्ही वेळा तेवढ्याच शांतपणे हो म्हणाले.

कान मी टेबलावर ठेवले ते तुला दिसलं असेल. चष्मेवाले पुढे आले, चष्मा कपाळावर चढवला आणि एकेक कान डोळ्यांजवळ धरून खाचा वाचू लागले. खरेदीचा कागद त्यांच्या खिशात होता, तो त्यांना काढावा लागला नाही. शेवटचा कान खाली ठेवून म्हणाले, माझीच आहेत. इतकंच. मला वाटलं होतं ते ओरडतील.

मग राहिला पैलवानचा मुद्दा. तो कागदावर सिद्ध झालेलाच होता, मला विचारायची काही गरज नव्हती. तरी मी वळले. तुला इतक्या हळू आवाजात मी आयुष्यात काही विचारलं नसेल.

"रक्त कुणाचं होतं?"

"पैलवानचं. तेव्हाही पैलवानचंच होतं, ताई."

ते ताई तू सगळ्यांसमोर म्हणालास. मला हातातले कागद दिसेनासे झाले. सरांनी उकाड्याचं निमित्त करून पाणी पुढे केलं, ते मी प्यायले, आणि मान वर केली तोवर दाराशी कुणी नव्हतं.

तुझं नाव यादीत राहिलं. अध्यक्षांनी नोटीस मागे घेतली, तसं लेखी येईल. दाखले सगळ्यांचेच पुन्हा तपासायचं ठरलं, नव्या चाचणीने. बाबांच्या डुकरांना कुणीही रोगट म्हणालं नाही. एकाने विचारलं, ही पैदास कुणी उभी केली, आणि मी सांगितलं. निघताना चष्मेवाले माझ्यापाशी आले. म्हणाले, "तुमच्या भावाने मारली नाहीत, मग माझी जनावरं मारली कुणी?" मी म्हटलं, आमच्या चाचणीने. त्यांनी मान हलवली आणि गेले.

आता पुढचं, आणि यात माझं ऐक. पैलवानला काढू नकोस. सोबत यादी आहे. तुझ्या काही माद्यांच्या दोन्ही प्रती चांगल्या आहेत, त्यांच्यावरच पैलवान सोड. पिल्लांतली निम्मी पूर्ण स्वच्छ निघतील, प्रत्येकाचं रक्त मी इथे वाचीन, दोषी तेवढी पैदाशीतून बाजूला. थोड्या वेतांत कळप साफ होईल आणि बाबांच्या पैदाशीचं बाकी सगळं जागच्या जागी राहील. मांड्या थोड्या कमी भरतील, त्याला इलाज नाही. शास्त्राला हे मान्य आहे, संघालाही मी मान्य करायला लावलंय.

ताई

९ मे

ठोंब्या,

फोनवर मी जे बोलले ते बोलले, आता नीट लिहिते.

स्क्रीनवर तुझं नाव बघून मला वाटलं, चला, साहेबांनी एकदाचा फोन केला, आता थोडी टिंगल करून घेऊ. आणि तू म्हणालास, "ताई, पैलवान सकाळी गेला. मीच पाठवला."

मी ओरडले. लिहून दिलं होतं, इतकं सोपं करून, पोरासोरालाही कळेल असं, आणि तू अर्धा चांगला नर खाटकाकडे लावलास. शेजारच्या खोलीतून तंत्रज्ञ डोकावून गेली. तू मला पूर्ण ओरडू दिलंस. मग म्हणालास, "त्या चष्मेवाल्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगू, माझा अर्धा चांगला आहे म्हणून?" आणि मग, मी विचारलंही नव्हतं तरी, कानांचं सांगितलंस. की ट्रक उघडून पाहिला तेव्हा तू पळत पोचला होतास, आणि कान कापताना अंगं हाताला भाजत होती.

शास्त्राप्रमाणे तू चुकलास. हे मी आजही म्हणते आणि उद्याही म्हणेन. पण त्या ट्रकपाशी मी नव्हते, तू होतास. मी फक्त कान बघितले, ते बर्फातून आलेले. तुझ्या जागी मी काय केलं असतं ते मला माहीत नाही, आणि असं मला फार कमी वेळा वाटतं.

रडलास का विचारलं नाही. मी रडले, ते सांगते.

आता माझ्याकडचं. तुझ्या शेडमध्ये आधीपासून असलेल्या, पैलवानच्या एका पोराचा निकाल आला. त्याच्या दोन्ही प्रती स्वच्छ आहेत, बापाची चांगली तेवढीच त्याच्याकडे आली आहे. नव्या चाचणीचा पहिला दाखला त्याचाच, सोबत जोडला आहे, सही सरांची. तुझी बायको म्हणते, मांड्या अजून बारीक आहेत पण अंगात मस्ती भरपूर आहे, शेडचं दार दोनदा पाडलं. त्याला नाव तूच ठेव.

आणि माझं वाचून झालं. पहिल्या तुकड्यापासून शेवटच्यापर्यंत, सगळ्या पट्ट्यांसकट. त्यासाठी शेवटी पैलवानचंच रक्त वापरलं, तू दाखल्यासाठी पाठवलेलं, फ्रीजरमध्ये उरलेलं. ते आता छापून येईल आणि जगात जो कुणी हे जनुक उघडेल त्याला आधी आपला पैलवान भेटेल. जनावराच्या रकान्यात नुसता आकडा घालायची रीत आहे. मी नाव घातलं. संपादकांनी काढलं, मी परत घातलं. तिसऱ्यांदा त्यांनी नाद सोडला. खाली पैदासकाराच्या रकान्यात तुझं पूर्ण नाव आहे.

सरांनी विचारलं, हे तुझे बंधू आहेत असं तळटीपेत लिहायचं का?

म्हटलं, कशाला? आडनाव एकच आहे, वाचणाऱ्याला दिसेल.

ताई